पुढचा शब्द

रात्री अडीचच्या सुमारास उशाशी ठेवलेला फोन थरथरला. एका जुन्या मित्राची आई गेली होती आणि त्याने स्वतःच चार शब्दांत कळवले होते: ‘आई गेली. झोपेतच गेली.’ अशा वेळी लगेच फोन करावा की उजाडेपर्यंत थांबावे, हे मला या वयातही नीट कळत नाही, म्हणून मी उत्तर लिहायला घेतले. अंगठ्याने ‘ईश्वर’ एवढा शब्द लिहिला आणि तो पुरा होताच कळफलकाच्या वरच्या पट्टीत तीन शब्द आपणहून येऊन उभे राहिले. त्यातल्या ‘मृतात्म्यास’वर बोट टेकवले तर पुढे ‘सद्गती’ आली, आणि सद्गतीच्या पाठोपाठ ‘देवो’. तीन टिचक्यांत वाक्य तयार. ऱ्हस्वदीर्घाचीही चूक नाही. मी ते एकदा वाचले आणि पुसून टाकले, कारण मी ईश्वर मानत नाही, माझा मित्रही मानत नाही, आणि आम्ही दोघे मानत नाही हे आम्हा दोघांनाही गेली पंचवीस वर्षे ठाऊक आहे. मग ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिले. त्यातली श्रद्धा पहिल्यांदाच डोळ्यांत खुपली, तेही पुसले. ‘आत्म्यास शांती लाभो’ लिहिताना आत्म्यापाशी अडलो. ‘तुझ्या दुःखात सहभागी आहे’ हे एखाद्या संस्थेच्या ठरावासारखे वाटले, आणि ‘काळजी घे’ तर आपण सर्दी झालेल्या माणसालाही म्हणतो. असे लिहित-पुसत बराच वेळ गेला. शेवटी मी जे पाठवले ते ‘सकाळी येतो’ एवढेच होते.

दोन शब्द, आणि त्यांत गेलेल्या माणसाबद्दल एकही नाही.

सकाळी गेलो, जे करायचे ते केले, पुढचे काही दिवसही जात राहिलो. पण त्या रात्रीची ती लिहापुस मनातून जाईना. लाज वाटावी असे त्यात काही नव्हते. टोचत होते ते वेगळेच. माझ्या फोनला कसलीही श्रद्धा नाही, तरी त्याला ते वाक्य तोंडपाठ होते, कारण हजारो माणसांनी ते हजारो वेळा लिहिलेले असणार. मला मात्र, ज्याला त्या बाईंचा आवाज आठवत होता, हाक मारण्याची ढब आठवत होती, त्याला त्या वाक्याच्या तोडीचे दुसरे वाक्य सापडत नव्हते. देव नाही हे मी कधीच ठरवून टाकले होते. पण तो गेल्यावर त्याच्या जागी कोणता कर्ता बसवायचा, याचा विचार मी केलेलाच नव्हता.

‘देवो’, ‘लाभो’, ‘होवो’, ‘येवो’ ही रूपे मराठीत आता फार थोड्या ठिकाणी उरली आहेत. शाळेच्या व्याकरणात त्यांना आज्ञार्थ म्हणतात आणि आज्ञा, विनंती, आशीर्वाद, प्रार्थना असे त्याचे उपयोग सांगतात. पण रोजच्या बोलण्यात ‘तो उद्या येवो’ असे कोणी म्हणत नाही. ही रूपे आशीर्वादात सापडतात, शापात सापडतात आणि प्रार्थनेत सापडतात. जिथे माणसाचा हात पोहोचत नाही तिथेच ती वापरायची, असा जणू भाषेचा अलिखित संकेत असावा. त्यातही ‘लाभो’ मोठे सोयीचे. ‘शांती देवो’ म्हटले की देणारा लागतो. ‘शांती लाभो’ म्हटले की घेणारा तेवढा दिसतो आणि देणाऱ्याचा प्रश्न वाक्य अलगद बाजूला ठेवते. ज्यांची श्रद्धा विरळ होत चालली आहे अशा सुशिक्षितांना ‘लाभो’ का आवडते, याचे उत्तर मला त्या रात्री मिळाले. आम्ही देवाला वाक्यातून काढले, पण क्रियापद त्याचेच ठेवले. ‘देव जाणे’ या प्रयोगाची तर गंमतच आहे. तो म्हणणाऱ्याला अभिप्रेत असते ते असे, की कोणालाच ठाऊक नाही.

‘नास्तिक’ हा शब्द मी सतराव्या वर्षापासून छातीवर बिल्ल्यासारखा लावून हिंडलो. पुढे कधीतरी कळले की पाणिनीच्या एका छोट्याशा सूत्रात हा शब्द एकटा येत नाही. आस्तिक, नास्तिक आणि दैष्टिक असे तीन शब्द तिथे एकाच दमात सिद्ध होतात: ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक, आणि दिष्ट म्हणजे दैव अशी ज्याची मती तो दैष्टिक. काय आहे आणि काय नाही, हे सूत्र सांगत नाही. परलोक वगैरे भर टीकाकारांनी मागाहून घातली. मला यातला तिसरा फार ओळखीचा वाटतो. माझ्या ओळखीतले निम्मे नास्तिक प्रत्यक्षात दैष्टिकच आहेत. देव म्हणताना त्यांची जीभ अडखळते, नशीब म्हणताना अडखळत नाही.

उलट ‘श्रद्धा’ हा शब्द मतीचा नाहीच. ‘श्रत्’ आणि ‘धा’ यांपासून तो झाला. यातल्या ‘श्रत्’चे नाते भाषेचे अभ्यासक हृदयाशी जोडतात आणि लॅटिनमधला ‘क्रेडो’ हा शब्दही त्याच मुळाचा सांगतात. हृदय कुठेतरी ठेवणे, असा काहीसा अर्थ. म्हणजे श्रद्धा ही ठेवण्याची क्रिया झाली, ठेव झाली. मी मात्र आयुष्यभर तिच्याशी मत म्हणून भांडलो, आणि ते भांडण सुरू झाले ते माझ्या आजीशी.

आजी पहाटे उठून अंधारात बसत असे आणि पुटपुटत असे. ते पुटपुटणे बोलणे आणि श्वास यांच्या मधले काहीतरी होते. दाराच्या फटीतून ते माझ्या अंथरुणापर्यंत येई. फार लहान असताना मला वाटे की ती कोणाशी तरी बोलते आहे आणि त्या माणसाला रागावू नये म्हणून हळू बोलते आहे. जरा मोठा झाल्यावर शब्द कळू लागले. ती नावे घेत असे. घरातल्या प्रत्येकाचे नाव, मग दूरगावी असलेल्यांचे, मग त्या आठवड्यात ज्याला ताप आला असेल त्याचे, मग जिच्याशी तिचे भांडण होते त्या शेजारणीचेही. नावापुढे ती काहीच मागत नसे, निदान मला तरी ऐकू येत नसे. हजेरी घ्यावी तशी नुसती नावे. माझे नाव चौथे येई. ते येईपर्यंत मी जागा राहत असे, आणि ऐकले की कूस बदलून पुन्हा झोपत असे. आज मागे वळून पाहताना वाटते, त्या झोपेइतकी निश्चिंत झोप मला पुढे कधी लागली नाही. पण हे म्हणतानाही मी स्वतःला आवरतो, कारण बालपणीची झोप सगळ्यांचीच चांगली असते आणि तिचे श्रेय देवाला द्यायचे की वयाला, हे ठरवणे कठीण आहे.

सतराव्या वर्षी मी नुकतीच दोन-चार पुस्तके वाचली होती आणि घरात वाद घालायला माणूस शोधत होतो. वडील सापडत नसत. त्यांचा विश्वास होता की नव्हता हे मला अजूनही सांगता येणार नाही. ते सगळे रीतसर करत, कशावरच बोलत नसत, आणि विचारले तर ‘चालत आलंय’ एवढे म्हणत. म्हणून मी आजीला गाठले. माझा एक काका नऊ वर्षांचा असताना गेला होता. मी तिला विचारले, देव सगळ्यांचे ऐकतो ना, मग काकाच्या वेळी का नाही ऐकले? ती बराच वेळ हातातल्या कापडाची घडी घालत राहिली, ती मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, ‘माझंच काहीतरी चुकलं असेल रे.’ मी जिंकलो होतो. तिच्याकडे युक्तिवाद नव्हता, आणि मला त्या वयात युक्तिवाद नसणे म्हणजे हरणेच वाटत असे. त्यानंतर पहाटे तिचे पुटपुटणे ऐकू येईनासे झाले. ती बसत होती, ओठही हलत होते. आवाज तेवढा गेला.

माझे नाव तिने पुढे घेतले की नाही, मला माहीत नाही.

त्या वयात मला वाटत होते की श्रद्धा वादाने जाते: एक नेमका प्रश्न, आणि इमारत खाली. आता तसे वाटत नाही. तिच्या जाण्याची मला सर्वात पटणारी गोष्ट विजेची आहे. युरोपात कित्येक शतके वादळ आले की चर्चच्या घंटा वाजवत. अनेक घंटांवर ‘फुल्गुरा फ्रांगो’, म्हणजे ‘मी विजा मोडते’, अशी अक्षरे ओतलेली असत. उंच मनोरा, वर धातूची घंटा, खाली लोंबणारा ओला दोर आणि तो धरून उभा असलेला माणूस; विजेला याहून चांगले निमंत्रण कोणते? घंटा वाजवणारे मरत आणि दुसरे येऊन दोर धरत. १७५२ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनच्या सूचनेवरून झालेल्या प्रयोगांनी आकाशातली वीज ही विद्युतच आहे हे दाखवले आणि वीज जमिनीत उतरवणाऱ्या टोकदार सळईचा उपाय पुढे आला. तो लगेच सगळ्यांना पटला नाही. १७६९ मध्ये उत्तर इटलीतल्या ब्रेशा शहरात साठवलेल्या दारूगोळ्यावर वीज पडून शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. ज्याच्यावर शतकानुशतके विजा कोसळत आल्या होत्या, त्या व्हेनिसच्या सेंट मार्कच्या मनोऱ्यावर अखेर १७७६ मध्ये सळई चढली.

मला कुतूहल वाटते ते सळई चढल्यानंतरच्या पहिल्या वादळी रात्रीचे. तिथल्या पाद्र्याने देव नाकारला नसणार. सळई बसवणे आणि देव मानणे यांत त्याला काही विसंगतीही वाटली नसेल. त्या रात्री गडगडाट सुरू झाला तेव्हा त्याने प्रार्थनाही म्हटली असेल. पण ती म्हणून झाल्यावर तो झोपला असेल. मला वाटते, जे काही घडले ते त्या झोपेत घडले. देवाला कोणी हाकलले नाही. त्याच्याकडचे एक काम कमी झाले, आणि मग अशी कामे एकेक करून कमी होत गेली: देवी रोगाच्या लशीने एक काढून घेतले, भूल देण्याच्या औषधाने एक, विम्याने एक, हवामानाच्या अंदाजाने एक, म्हातारपणीच्या पेन्शनीने एक. काम नसलेल्या माणसाला घरातले लोक मान देतात, वरच्या जागी बसवतात, आणि हळूहळू त्याच्याशी बोलायचे विसरतात.

माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये म्युनिकच्या एका व्याख्यानात जगावरची जादू उतरत चालल्याचे सांगितले, ते पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याने दिलेले ट्रामचे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ट्राममध्ये बसणाऱ्याला ट्राम कशी चालते ते माहीत नसते, आणि रानात राहणाऱ्या आदिम माणसाला आपल्या हत्यारांबद्दल त्याहून कितीतरी जास्त माहीत असते. म्हणजे आधुनिक माणसाला अधिक कळते असे नाही. मनात आणले तर कळू शकेल, कोणाला तरी ते ठाऊक असणारच, एवढा त्याचा भरवसा असतो. माझ्या फोनने ‘मृतात्म्यास’ हा शब्द कुठून काढला ते मी सांगू शकत नाही. कोणीतरी सांगू शकेल याची मात्र मला खात्री आहे, आणि या खात्रीला मी श्रद्धा म्हणत नाही, कारण तसे म्हणायची माझ्या मंडळींत पद्धत नाही.

श्रद्धा कोणत्या वयात जाते याचा शोध घेणाऱ्या अभ्यासांनी तर माझ्या सतराव्या वर्षाची हवाच काढून घेतली. डेव्हिड व्होआस आणि ॲलेस्डेअर क्रॉकेट या दोन अभ्यासकांनी २००५ मध्ये ब्रिटनमधल्या माहितीवरून दाखवले की माणसे आपल्या हयातीत फारशी बदलत नाहीत. बदल होतो तो दोन पिढ्यांच्या मधल्या फटीत. आई-वडील दोघेही धार्मिक असतील तर मूल तसे होण्याची शक्यता साधारण निम्मी, एकच असेल तर ती पावपट, आणि दोघेही नसतील तर मूल बहुधा नाहीच. किरणोत्सारी पदार्थाप्रमाणे श्रद्धेलाही अर्धायुष्य, म्हणजे निम्मी होण्यास लागणारा काळ, असते, आणि तिथे ते एका पिढीएवढे भरले. इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २००१ च्या जनगणनेत सुमारे ७२ टक्के होते, २०११ मध्ये ५९, आणि २०२१ मध्ये ४६. ‘धर्म नाही’ असे सांगणारे त्याच वीस वर्षांत १५ टक्क्यांच्या आसपासहून ३७ टक्क्यांवर गेले. अमेरिकेत गॅलप ही जनमत चाचण्या घेणारी संस्था १९३७ पासून विचारत आली आहे की तुम्ही एखाद्या प्रार्थनास्थळाचे सदस्य आहात का. २०२० मध्ये ‘हो’ म्हणणारे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली, ४७ टक्क्यांवर आले. एवढ्या लाखो माणसांनी आपापल्या आजीला प्रश्न विचारून निरुत्तर केलेले नसणार. कोणी काही विचारलेच नाही, कोणी काही सांगितलेही नाही. ‘चालत आलंय’ म्हणणारा बाप आणि त्याच्याकडून काहीच न घेणारे मूल, एवढीच ती घडामोड.

माझ्या मुलीने एकदा मला सहज विचारले, ‘बाबा, तू नास्तिक आहेस हे इतक्यांदा का सांगत असतोस?’ मला उत्तर सुचले नाही. आजी ज्याच्याशी बोलत असे त्याच्याशी मी निदान भांडत होतो. मुलीला भांडणात असलेल्या तिसऱ्या माणसाचीच ओळख नाही. ती नास्तिकही नाही. ‘नाही’ म्हणायलाही समोर प्रश्न लागतो, आणि तिच्यापुढे तो कधी उभाच राहिला नाही. परीक्षेचा निकाल चांगला लागला की ती ‘थँक गॉड’ म्हणते आणि त्यात गॉडचा वाटा किती, हा विचार तिच्या गावीही नसतो. आमच्या घरात श्रद्धा आवाजातून ओठांवर आली, ओठांवरून शिष्टाचारात, तिथून वादात आणि वादातून एका उद्गारात. मला याचे वाईट वाटते का? थोडेसे वाटते, आणि वाटते याचा रागही येतो.

जबरदस्तीने काढलेली श्रद्धा परत येते, हेही आपण पाहिले आहे. मॉस्कोतले ख्राइस्ट द सेव्हियर कॅथेड्रल १९३१ मध्ये सुरुंग लावून पाडले. तिथे सोव्हिएतांचा भव्य प्रासाद व्हायचा होता, तो झाला नाही. पुढे त्याच जागी उघड्यावरचा प्रचंड वर्तुळाकार पोहण्याचा तलाव झाला. पाणी गरम असल्यामुळे हिवाळ्यातही लोक त्यात पोहत आणि वर वाफेचे ढग तरंगत. मग राजवट गेली, तलाव बुजवला आणि २००० मध्ये तिथे तसेच कॅथेड्रल पुन्हा उभे राहिले. अल्बानियाने १९६७ मध्ये स्वतःला नास्तिक राष्ट्र घोषित करून सगळी प्रार्थनास्थळे बंद केली. पंचवीस वर्षेही ते टिकले नाही. याउलट हॉलंडमधल्या आर्नेमच्या सेंट जोसेफ चर्चला कोणी हात लावला नाही. माणसे येईनाशी झाली, आणि काही वर्षांनी तिथे मुले स्केटबोर्ड घेऊन उतारांवरून घसरू लागली. वर दगडी संत उभे ते उभेच. पाडलेल्या वास्तूसाठी लोक रडतात आणि ती पुन्हा बांधतात. जिथे कोणी जात नाही, तिच्यासाठी रडायला कोण येणार?

रिकाम्या जागेत दुसरे काही बसवण्याचे प्रयत्नही झाले. ओग्युस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने देव वजा करून मानवतेचा धर्म काढला: संतांच्या जागी थोर माणसे, तेरा महिन्यांचे कॅलेंडर, विधी, सगळे साग्रसंगीत. ‘प्रेम हे तत्त्व, सुव्यवस्था हा पाया आणि प्रगती हे ध्येय’ असे त्याचे ब्रीद होते. १८८९ मध्ये ब्राझीलच्या झेंड्यावर त्यातली सुव्यवस्था आणि प्रगती चढली. प्रेमाला तिथे जागा मिळाली नाही. अलीकडे, २०१३ मध्ये, लंडनमध्ये दोन विनोदी कलाकारांनी देवाविना रविवारची सभा सुरू केली. एकत्र गायचे, कोणाचे तरी भाषण ऐकायचे, थोडे मौन पाळायचे. ती पाहता पाहता अनेक शहरांत पसरली आणि मग पुष्कळ ठिकाणी ओसरली. मला या माणसांबद्दल आदर आहे, कारण त्यांना हेच नेमके जाणवले होते की गेलेली गोष्ट केवळ मत नव्हे. माणसांनी एकत्र बसण्याचे निमित्त गेले, ठरलेले शब्द गेले. पण ठरलेले शब्द ठरवून तयार करता येत नाहीत, असे दिसते. ते कोणाच्या तरी आधी कोणीतरी वापरलेले असावे लागतात. कोंतच्या वाक्यापेक्षा माझ्या फोनचे वाक्य जास्त झिजलेले होते, म्हणून ते जास्त कामाचे होते.

अर्थात श्रद्धा संपत चालली आहे, असे घाईने लिहू नये. पीटर बर्गर या समाजशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये असे भाकीत केले होते की एकविसाव्या शतकापर्यंत श्रद्धाळू माणसे लहान लहान पंथांपुरती उरतील. तीसएक वर्षांनी, १९९९ मध्ये, त्यानेच प्रांजळपणे लिहिले की आपले चुकले, जग पूर्वीइतकेच धार्मिक आहे आणि काही ठिकाणी तर अधिकच. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या हिशोबाप्रमाणे २०२० मध्ये जगातली साधारण चोवीस टक्के माणसे कोणत्याही धर्माची नव्हती, म्हणजे तीनचतुर्थांश अजून आहेत. आणि अमेरिकेत ‘कोणताच धर्म नाही’ म्हणणाऱ्यांतही बहुतेकांचा कुठल्या ना कुठल्या शक्तीवर विश्वास आहेच. पिप्पा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी याची जी संगती लावली ती मला विजेच्या सळईशी जुळणारी वाटते: जिथे जगणे सुरक्षित झाले तिथे श्रद्धा ओसरली, जिथे उद्याचा भरवसा नाही तिथे ती टिकली. २०११ च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला भूकंप झाला आणि १८५ माणसे गेली. योगायोगाने तिथे आधीपासून एक मोठी पाहणी चालू होती. तिच्यात असे दिसले की देशभर धर्म ओसरत असताना ज्यांना भूकंपाची झळ बसली त्यांच्यात मात्र तो वाढला होता. जमीन हलली की सळईचा उपयोग नसतो.

माझ्या पायाखालची जमीन एकदा हलली, ती वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी. चार तास म्हणाले होते, सात झाले. शस्त्रक्रियागृहाच्या दारावरचा लाल दिवा बघत बाकावर बसलो होतो, आणि केव्हातरी माझ्या लक्षात आले की मी मनातल्या मनात ‘एवढं होऊ दे, एवढं होऊ दे’ असे म्हणतो आहे. मी चमकलो. ‘होऊ दे’ मधला ‘दे’ कोणाला उद्देशून होता? सर्जनला म्हणायचे तर मी ‘होऊ द्या’ म्हटले असते. मराठीत ‘दे’ म्हणायला समोर ‘तू’ लागतो. आई असेल, मित्र असेल, किंवा ज्याला आपली सगळी पूर्वापार भाषा ‘तू’ म्हणत आली आहे तो असेल. माझ्या मतांत तो नव्हता, वाक्यात होता. मी तो शब्द तसाच चालू ठेवला, कारण थांबवला तर वडिलांचे काही बरेवाईट होईल अशी भीती वाटली. पुढे ते बरे झाले. मी डॉक्टरांचे आभार मानले, परिचारिकांचे मानले, रक्त देणाऱ्या दोघांचे मानले, आणि तरी आभार शिल्लक उरले. ते कोणाच्या हाती द्यायचे ते कळेना. दुःखात शब्द न सापडणे मला नंतर, त्या रात्री अडीच वाजता कळले. कृतज्ञतेत पत्ता न सापडणे त्याआधीच कळले होते.

हे लिहिताना मला आजीची ती कापडाची घडी सारखी दिसते, आणि तिच्याविषयी हळवे होऊन मी खोटे लिहू नये एवढी काळजी वाटते. ‘माझंच काहीतरी चुकलं असेल’ हे ती त्या दिवशी पहिल्यांदा म्हणत नव्हती. ती गेल्यानंतर आत्याने सांगितले की नऊ वर्षांचे पोर तापात गेले ते आपल्याच कुठल्यातरी चुकीमुळे, असे ती आयुष्यभर धरून होती. कोणती चूक, ते तिला कधी सापडले नाही, आणि सापडत नाही म्हणून ती शोधतच राहिली. ज्या देवाने तिला पहाटेची ती नावांची यादी दिली, त्यानेच तिला हा शोधही दिला होता. तेव्हा वेळेवर एखादे साधे औषध मिळाले असते तर काका कदाचित वाचला असता. माझ्या मुलीला ताप आला तेव्हा मी डॉक्टरकडे गेलो, ती तीन दिवसांत उठून बसली, आणि माझे काही चुकले का असा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. हा सुटकेचा श्वास मला परत करायचा नाही. मला आजीचा आवाज हवा आहे आणि तिची भीती नको आहे, आणि दोन्ही एकाच तोंडातून येत होते.

मित्राकडे परवा पुन्हा गेलो. आईच्या खोलीतले कपाट आवरायचे होते, एकट्याने होत नव्हते म्हणून त्याने बोलावले. तिच्या साड्या एकेक करून बाजूला ठेवता ठेवता तो त्या रात्रीविषयी बोलू लागला. म्हणाला, शेदीडशे निरोप आले, कोणी काय लिहिले ते एकही आठवत नाही. ‘तुझं मात्र आठवतंय. नावाखाली सारखं ‘टाइप करत आहे’ दिसायचं. मग थांबायचं. मग परत दिसायचं. घरात कोणी नव्हतं, आई आत होती, आणि मी त्या अक्षरांकडे बघत बसलो होतो. किती वेळ लिहीत होतास! आणि आलं काय, तर सकाळी येतो.’

मी ओशाळलो. तो म्हणाला, ‘काय लिहीत होतास?’

‘ईश्वर,’ मी म्हणालो. ‘पुढचं फोनच सांगत होता.’

तो मोठ्याने हसला, कपाट उघडल्यापासून पहिल्यांदाच. मग हातातली साडी मांडीवर ठेवून म्हणाला, ‘पाठवायचं होतंस. आईला आवडलं असतं.’

‘आणि तुला?’

‘मला कळलं असतं,’ तो म्हणाला, ‘की तुला दुसरं काही सापडलं नाही.’